अकोल्याच्या अंधारात २७ लाख वर्षांपूर्वीचा प्रकाश

दिवाळीची अमावास्या. शहरांच्या आकाशात दिव्यांचा लखलखाट आणि फटाक्यांचा धूर भरून राहिलेला असतो. त्याच रात्री अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याला, साधारण अकरा ते साडेबाराच्या दरम्यान, एक अंधूक सर्पिल दीर्घिका जवळजवळ डोक्यावर येते. त्रिकोण तारकासमूहातील ही दीर्घिका 'एम ३३' या क्रमांकाने ओळखली जाते. तिचे छायाचित्र टिपू पाहणाऱ्या हौशी आकाश निरीक्षकांसाठी वर्षातील ही सर्वांत सोयीची रात्र होय. त्यांच्या कुटुंबीयांचे मत अर्थातच वेगळे असू शकते.

अहिल्यानगर जिल्ह्याचा (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) हा पश्चिम कोपरा मुंबई, पुणे आणि नाशिक या तिन्ही शहरांतून काही तासांत गाठता येतो. प्रवरेवरील विल्सन धरण, त्यामागचा आर्थर जलाशय, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर आणि हरिश्चंद्रगड यांमुळे तो पर्यटकांना ठाऊक आहे. पावसाळ्यात येथे आकाश दिसणेच दुरापास्त. मात्र ऑक्टोबर ते जानेवारी या काळात, चंद्र नसलेल्या रात्री, येथील अंधार हीच मोठी संपत्ती ठरते.

अंधाराला इतके महत्त्व का, हे एम ३३ च्या बाबतीत फार स्पष्टपणे समजते. तिची दृश्यप्रत ५.७ आहे. नुसत्या डोळ्यांना साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. म्हणजे कागदोपत्री ही दीर्घिका सहज दिसायला हवी. प्रत्यक्षात ती अनेकांना दुर्बिणीतूनही सापडत नाही. कारण ५.७ हा आकडा तिच्या एकूण प्रकाशाचा आहे आणि तो प्रकाश पूर्ण चंद्राच्या जवळपास तिप्पट क्षेत्रफळावर पसरलेला आहे. चमचाभर तूप एका घासावर घेतले तर चव लागते. तेच पातेलेभर भातात कालवले तर पत्ताही लागत नाही, तसाच हा प्रकार. आकाशाची पार्श्वभूमी किंचित उजळली, तरी एवढा विरळ प्रकाश तीत बुडून जातो.

म्हणूनच अमेरिकेतील निरीक्षक जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये आकाशाच्या अंधाराची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी मांडली, तेव्हा एम ३३ हीच एक खूण म्हणून वापरली. पहिल्या, म्हणजे सर्वांत काळोख्या पायरीवर ती नुसत्या डोळ्यांना स्पष्ट दिसते. तिसऱ्या पायरीवर नजर किंचित बाजूला वळवून पाहिल्यास दिसते. चौथ्या पायरीवर ती आकाशात बरीच वर असेल तरच, तीही मोठ्या कष्टाने. त्यापुढे डोळ्यांनी तिची आशा सोडावी.

शोधायची कशी?

महाश्वाचा चौकोन, म्हणजे पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचे चार तारे, आधी हेरावा. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातून देवयानीच्या ताऱ्यांची ओळ निघते. तिच्यातील मिरॅक हा तांबूस तारा मध्यबिंदू धरावा. त्याच्या एका बाजूला सुप्रसिद्ध देवयानी दीर्घिका आहे. विरुद्ध बाजूला, जवळपास तेवढ्याच अंतरावर, एम ३३. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती रात्री अकराच्या सुमारास, तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नऊच्या सुमारास सर्वाधिक उंचीवर असते.

फ्रान्सच्या शार्ल मेसिए यांनी १७६४ च्या ऑगस्टमध्ये तिची नोंद केली. आयर्लंडमधील लॉर्ड रॉस यांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आपल्या ७२ इंची दुर्बिणीतून तिचे सर्पिल रूप जाणवले. ती आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र तारकानगरी आहे, हे एडविन हबल यांनी १९२६ मधील शोधनिबंधात तिच्यातील ३५ रूपविकारी ताऱ्यांच्या आधारे दाखवले. आज तिचे अंतर सुमारे २७ लाख प्रकाशवर्षे मानले जाते. लॉर्ड रॉस यांना अवाढव्य दुर्बीण लावूनही जी वलये पुसट दिसली, ती आज साधा डीएसएलआर कॅमेरा आणि २०० मिलिमीटरची लेन्स यांत उमटतात, याचे नवल कमी होत नाही.

अर्थात, कॅमेरा रोखून बटण दाबले आणि झाले, असे नाही. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते. एवढ्या लेन्सवर एका सेकंदातच ताऱ्याचा ठिपका लांबट होऊ लागतो. त्यामुळे कॅमेरा पृथ्वीच्या उलट गतीने फिरवणारा ट्रॅकर किंवा इक्वेटोरियल माउंट लागतो आणि त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याच्या दिशेने जुळवावा लागतो. भंडारदऱ्याहून ध्रुव क्षितिजापासून केवळ साडेएकोणीस अंश उंच दिसतो. कळसूबाईच्या दक्षिणेला अगदी पायथ्याशी तंबू ठोकणाऱ्यांना तो डोंगराआडही जाऊ शकतो. जागा उजेडीच पाहून ठेवलेली बरी.

एकच दीर्घ छायाचित्र घेण्याऐवजी तीन-तीन मिनिटांची ६० छायाचित्रे घेतली जातात आणि 'डीपस्कायस्टॅकर' किंवा 'सिरिल' यांसारख्या मोफत सॉफ्टवेअरने ती एकमेकांवर रचली जातात. दीर्घिकेचा प्रकाश ६० पट साठतो, तर छायाचित्रातील खरखर सुमारे पावणेआठ पटच वाढते. सारी किमया या तफावतीत आहे. लेन्सला झाकण लावून घेतलेल्या 'डार्क' चौकटी वजा केल्या की सेन्सरचे दोषही जातात. जलाशयाकाठी डिसेंबरात खरा शत्रू असतो तो दंव. मध्यरात्रीनंतर लेन्सवर धुके धरते आणि दोन तासांची मेहनत वाया जाते. म्हणून लेन्सभोवती गरम पट्टी गुंडाळतात.

एवढे साधले की दीर्घिकेच्या एका बाहूत एनजीसी ६०४ हा गुलाबी ठिपका दिसतो. तारे जन्माला येण्याचे हे क्षेत्र सुमारे १५०० प्रकाशवर्षे विस्ताराचे आहे. मृगातील प्रसिद्ध तेजोमेघाचा विस्तार जेमतेम २४ प्रकाशवर्षे भरतो.

अंधार किती दिवस?

महानगराचे आकाश नैसर्गिक आकाशापेक्षा सहज ४० पट उजळ असते. अशा आकाशाखाली तोच परिणाम साधायला ढोबळमानाने प्रकाशग्रहणाचा काळही तितकाच वाढतो. भंडारदऱ्यासारख्या ठिकाणी तीन तासांत होणाऱ्या कामाला शहरातील गच्चीवर १२० तास. जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा प्रकाश फिल्टरने बराचसा गाळता येई. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश दीर्घिकेच्या प्रकाशाप्रमाणेच सर्व रंगांत पसरलेला असल्याने ती सोय उरलेली नाही.

हाच उजेड आता अकोल्याच्या वाटेवर आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि मुंबईहून येणे आणखी सोपे झाले. पर्यटकांसोबत तंबूंच्या रांगा येतात आणि तंबूंसोबत चारी दिशांना उजेड फेकणारे दिवे. गावाला रोजगार हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु जे पाहायला लोक येतात तेच दिव्यांनी झाकले जावे, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. मे-जूनमध्ये याच परिसरात काजव्यांसाठी गर्दी होते, तेव्हा वाहनांच्या प्रखर दिव्यांचा काजव्यांना उपद्रव होतो, ही बाब दरवर्षी चर्चेत येते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात काजव्यांना लागणारा अंधार आणि दीर्घिकेला लागणारा अंधार एकच आहे.

राज्यात याचे उदाहरणही आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तेथे लगतच्या गावांतील पथदिवे बदलून त्यांचा प्रकाश जमिनीकडे वळवण्यात आला. दिवे विझवावे लागले नाहीत, त्यांना टोप्या घालाव्या लागल्या. अकोल्यात हे करणे पेंचपेक्षा अवघड असण्याचे कारण दिसत नाही.

तोवर आकाशाची नोंद कोणीही ठेवू शकतो. त्यासाठी कॅमेरा लागत नाही. मोबाइल बंद करून डोळे अर्धा तास अंधाराला सरावू द्यावेत, मिरॅक शोधावा आणि एम ३३ थेट दिसते, तिरक्या नजरेने दिसते की दिसतच नाही, एवढे तारीख आणि जागेसह वहीत टिपावे. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच तिथीला, पुन्हा.