पाडवा, परीक्षा आणि प्राथमिक शाळा

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'काहीतरी जुनं लिहा' असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. बँकेतल्या आठवणी सांगून वाचकांना कंटाळा आणण्यापेक्षा मराठी शाळेच्या फाल्गुन-चैत्राबद्दल लिहावे असे ठरवले. कारण आपल्या भागात शाळेचा खरा हिशेब याच दोन-तीन महिन्यांत होतो. बँकेचा ३१ मार्च आणि शाळेचा १ मे, दोन्ही सारखेच!

आपला जिल्हा १९४९ साली 'दक्षिण सातारा' या नावाने तयार झाला आणि १९६० मध्ये 'सांगली' झाला. त्या काळी प्राथमिक शाळा जिल्हा स्कूल बोर्डाकडे होत्या. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. आमच्या लहानपणी मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की दोन गोष्टींची धास्ती असायची. एक म्हणजे 'दिपोटी' साहेबांची तपासणी आणि दुसरी वार्षिक परीक्षा. दिपोटी येणार म्हटलं की आदल्या दिवशी पोरंपोरी मिळून शाळा सारवायची. साहेब पाढे विचारायचे, पण घाम गुरुजींना फुटायचा.

१९५४-५५ पासून चौथी आणि सातवीला शिष्यवृत्ती परीक्षा सुरू झाली. रक्कम फार नव्हती, मान मात्र मोठा. खेड्यातलं पोरगं यादीत आलं की शाळेचं नाव पंचक्रोशीत व्हायचं. गुरुजी पहाटे कंदील लावून जादा तास घेत आणि त्याची फी कुणी मागत नसे. पुढे २०१७ पासून ही परीक्षा पाचवी-आठवीला गेली. २०२३ मध्ये रक्कम वाढून पाचवीला वर्षाला ५,००० आणि आठवीला ७,५०० रुपये झाली. आता शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचे ठरवले आहे. म्हणजे गाडी फिरून जुन्याच स्टेशनवर आली म्हणायची.

पण आपल्या दुष्काळी तालुक्यात यश केवळ गुणांवर मोजता येत नाही. १९७२ च्या दुष्काळात आईबाप खडी फोडायला गेले. त्या उन्हाळ्यात शाळेत सुकडी मिळायची, म्हणून पोरं यायची. १९९२ पासून दुर्बल घटकांतल्या मुलींना हजेरीचा रोज एक रुपया भत्ता मिळू लागला. आज हसू येईल, पण त्या एका रुपयाने कित्येक मुली घरकामातून वर्गात आल्या. नंतर शाळेतच शिजवलेली खिचडी आली. म्हैसाळ योजनेचं पाणी आलं, द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेड वाढली. तरी ऐन हंगामात पट टिकवणं गुरुजींना आजही सोपं नाही.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि २०२३ पर्यंत आठवीपर्यंतची नापासाची भीती गेली होती. १ मे ला झेंडावंदनानंतर निकाल मिळतो, पण त्या वर्षांत छातीतली ती धडधड राहिली नव्हती. धडधड आता शाळेच्याच छातीत आहे. पूर्वी पालक पोराचा हात धरून शाळेत यायचे. आता 'गुढीपाडवा, पट वाढवा' म्हणत गुरुजी आणि बाई दारोदार फिरतात. पाडव्याला नवीन मुलांना फुलं देतात, पाटीपूजन करतात. इंग्रजी शाळेची पिवळी बस मात्र आपल्या गेटपर्यंत येते.

कुणी कुठली शाळा निवडावी हे मी सांगणार नाही. माझी नातवंडंही इंग्रजी शाळेतच शिकली. पण या सोसायटीतले आम्ही बहुतेक पेन्शनर मराठी शाळेच्या सतरंजीवरूनच उठून नोकरीला लागलो, एवढं खरं आहे. पट घसरला की शिक्षक कमी होतात आणि शिक्षक कमी झाले की पट आणखी घसरतो. बुडीत कर्जाचंही असंच असतं, वेळेवर लक्ष दिलं तर खातं वाचतं.

म्हणून एक सुचवतो. रौप्यमहोत्सवाच्या निधीतून थोडी रक्कम जवळच्या प्राथमिक शाळेतल्या शिष्यवृत्तीच्या पुस्तकांसाठी ठेवावी आणि आम्ही रिकाम्या म्हाताऱ्यांनी आठवड्यातून दोन तास गणित शिकवावं. व्याज मुलांच्या यादीत दिसेल!