मर्ढेकरांची कविता आणि परभणीचा प्रथम वर्षाचा वर्ग

बा. सी. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, निजामी राजवट संपुष्टात आली. या दोन घटनांचे सान्निध्य योगायोगाचे खरे. तथापि परभणीसारख्या जिल्ह्यातील नवकाव्याच्या अध्यापनाचा विचार त्यास वगळून करता येत नाही. हैदराबाद संस्थानात १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली. म्हणजे मराठी ही येथे उच्च शिक्षणाची भाषा होऊ लागली, तेव्हा मराठी कविता दुर्बोधतेच्या वादात सापडलेली होती.

अध्यापकांपाशी साधन होते ते संस्कृत पाठशाळेतून आलेले: पद्याचा अन्वय लावावा, कठीण शब्दांचे अर्थ द्यावेत, शेवटी भावार्थ सांगावा. मर्ढेकरांपाशी ही पद्धती अडखळते. पिंप, उंदीर, मुंगी हे शब्द कोणास अपरिचित आहेत? अडते ते वाक्यरचनेत. क्रियेचा कर्ता कोण, एका प्रतिमेचा दुसरीशी संबंध काय, हे कवी सांगत नाही. बाजारी मार्गदर्शिका ‘यंत्रयुगातील वैफल्य’ असा शिक्का मारून मोकळ्या होतात. परीक्षेपुरता तो पुरतो. कविता वाचावयाची राहूनच जाते.

वस्तुतः या जिल्ह्यातील विद्यार्थी रिक्तहस्ताने येत नाही. जनाबाईंचे गंगाखेड याच जिल्ह्यातील. नामदेवांचे नरसीही १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत येथलेच. अभंग व ओवी त्याच्या कानावरून गेलेली असते, आणि मर्ढेकरांनी तर हेच छंद हाताळले. म्हणून जनाबाईंचा एक अभंग व मर्ढेकरांची अभंगछंदातील एक कविता प्रथम अर्थ न सांगता मोठ्याने वाचावी. जनाबाईंच्या अभंगात ‘म्हणे’ येताच अनुभवाचा निवाडा होतो आणि श्रोता निश्चिंत होतो. मर्ढेकरांकडे लय तीच, पण तो निवाडा सहसा येत नाही. कानाची ही फसगत विद्यार्थ्यास तत्काळ जाणवते. अध्यापनास आरंभ तेथून करावा असे माझे मत आहे.

अभंगाचा आधार सुटतो तेथे हा उपाय चालत नाही, हे उघड आहे. अशा कवितांसाठी गाळलेले क्रियापद विद्यार्थ्यांकडूनच भरून घ्यावे. एकाच ओळीस तीन विद्यार्थी तीन क्रियापदे देतील, ती फळ्यावर मांडावीत आणि प्रत्येकाने ओळ कशी बदलते ते त्यांनाच सांगू द्यावे. भावार्थाची घाई करू नये.