लोण चढल्यावर

कबड्डीच्या नियमांत एक कलम आहे, त्याच्याकडे प्रेक्षकांचे सहसा लक्ष जात नाही. संघाचे पाच-सहा गडी बाद होऊन रेषेबाहेर ओळीने बसले आहेत, मैदानात एक किंवा दोघेच उरले आहेत, आणि समोर पूर्ण भरलेला संघ उभा आहे. अशा वेळी कर्णधाराला उरलेल्या गड्यांनाही आपण होऊन बाद जाहीर करता येते. प्रतिस्पर्ध्याला त्या एक-दोन गड्यांचे गुण मिळतात आणि वर लोणाचे, म्हणजे सगळा संघ बाद झाल्याचे, दोन. बदल्यात बाहेर बसलेले सगळे उठतात, अंगाची माती झटकतात आणि दहा सेकंदांच्या आत सातच्या सात पुन्हा आपल्या अंगणात उभे राहतात. कर्ज वाढले, पण घर भरले. खचलेल्या संघाचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक सांघिक खेळाला सोडवावा लागतो. आपल्या मातीतल्या खेळाने दिलेले उत्तर युरोपातल्या फुटबॉलच्या उत्तरापेक्षा मुळातच वेगळे आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला की हे उत्तर इथे इतके का रुजले, हेही उमगते, असे माझे म्हणणे आहे.

आधी फुटबॉलचे उत्तर पाहू. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये दुसरा विभाग सुरू झाल्यावर वरच्या विभागातले तळाचे संघ आणि खालच्या विभागातले अव्वल संघ यांच्यात निकालाचे सामने खेळवण्याची पद्धत १८९३ साली आली. त्यांना टेस्ट मॅच म्हणत. वर्षभर झगडून, दुखापतींनी निम्मा झालेला संघ मोसमाच्या शेवटच्या आठवड्यांत असा सामना खेळायचा आणि हरला तर खालच्या विभागात घसरायचा. ही पद्धत पाच-सहा वर्षेच टिकली. १८९८ साली स्टोक आणि बर्नली यांची शेवटची गाठ अशी पडली की बरोबरी झाली तर दोघांनाही वरच्या विभागात जागा मिळणार होती. सामना शून्य-शून्य सुटला आणि त्यावर एवढा गदारोळ झाला की ते सामनेच बंद झाले. लीगने वरचा विभाग सोळावरून अठरा संघांचा केला आणि त्यापुढे चढणे-उतरणे थेट गुणतक्त्यावर ठरू लागले. निकालाचे सामने पुढे वेगवेगळ्या रूपांत अनेक देशांत परत आले, पण त्यामागचा विचार तोच राहिला. दुबळा झालेला संघ कशाने दुबळा झाला याची चौकशी विभागांची ही शिडी करत नाही. ती त्याला एक पायरी खाली उभे करते.

आता हुतूतू, म्हणजेच आपली कबड्डी. महाराष्ट्रात हा खेळ निरनिराळ्या रीतींनी खेळला जाई आणि त्यांतल्या तीन रीतींची नावे आजही जुन्या खेळाडूंच्या बोलण्यात येतात. अमर पद्धतीत बाद झालेला गडी बाहेर जातच नाही. त्याच्या नावावर गुण मोजले जातात आणि तो खेळत राहतो. गामिनीत एकदा बाद झालेला गडी आपला सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. एकेक करत अंगण रिकामे होते, शेवटचा गडी पडला की समोरच्याचा एक डाव, आणि मग नव्याने सुरुवात. संजीवनीत समोरचा एक गडी बाद केला की आपला एक गडी जिवंत होऊन आत येतो, तोही ज्या क्रमाने बाद झाला त्याच क्रमाने. स्पर्धेसाठी महाराष्ट्रात १९२१ साली जी नियमांची चौकट तयार झाली ती संजीवनी आणि गामिनी यांच्या मिश्रणातून. १९२३ साली एका समितीने त्या नियमांत दुरुस्त्या केल्या आणि त्याच वर्षी बडोद्याला हिंद विजय जिमखान्याच्या अखिल भारतीय स्पर्धेत ते वापरले गेले. आजचा खेळ नीट पाहिला तर हा सांधा अजून दिसतो. गडी जिवंत होणे हे संजीवनीचे, आणि सगळे बाद झाल्यावर बसणारे लोण ही गामिनीची खूण. लोण हा शब्द आट्यापाट्यांतही आहे. तिथे सगळ्या पाट्या ओलांडून परत येणे म्हणजे लोण, आणि एखाद्या गोष्टीचे लोण गावोगाव पोहोचले असे आपण म्हणतो तेव्हा तोच खेळ भाषेत बोलत असतो. कबड्डीत या शब्दाला परतण्याचा अर्थ उरला आहे तो लोण खाणाऱ्या संघाच्या बाजूने.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. संजीवनी दुबळ्याला जगवते हे खरे कसे? गडी बाद केल्याशिवाय आपला गडी आत येत नाही, आणि ज्याच्याकडे तीनच गडी उरलेत तो पकड कोणाच्या जिवावर करणार? साखळी करायला हात लागतात. डावा आणि उजवा कोपरा दोन्ही बाहेर बसले असतील तर मध्ये उभा असलेला एकटा काय अडवणार? म्हणजे ही पद्धत भरलेल्या संघाला अधिक भरते आणि रित्याला अधिक रिते करते. आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच नुसती संजीवनी पुरली नसती. तिच्या शेजारी लोण लागले. रिकामे होण्याला लोण तळ घालते. त्या तळाशी पोहोचले की दोन गुणांची किंमत मोजून संघ पुन्हा पूर्ण होतो. फुटबॉलमध्ये लाल कार्ड मिळालेला गडी त्या सामन्यात परतत नाही, आणि उरलेल्या दहांना शेवटची शिट्टी होईपर्यंत तसेच पळावे लागते. कबड्डीत रितेपणाला मुदत आहे. पुढे प्रो कबड्डी लीगमध्ये तीन किंवा त्याहून कमी गडी असताना केलेल्या पकडीला एक गुण जास्त मिळू लागला, तिला आपली वर्तमानपत्रे अव्वल पकड म्हणतात. ती सोय दूरचित्रवाणीसाठी, रंगत वाढवण्यासाठी आली असे कोणी म्हणेल. कशासाठीही आली असो, ती या खेळाच्या जुन्या वळणावरच बसली. उलट बोनस गुण बचावात सहा किंवा सात गडी असतानाच मिळतो, म्हणजे पूर्ण भरलेल्या संघाला धोका जास्त आणि खचलेल्याला त्यातून सूट.

ही चौकट पुणे-बडोद्याच्या जिमखान्यांतून आली, खेड्यांतून नाही, हा दुसरा आक्षेप. तोही मान्य. नियम कोणी लिहिले आणि ते कोणाच्या अंगवळणी पडले हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्या प्रश्नासाठी कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात उतरावे लागते. आजचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मुळात बरेचसे एकच होते. १९४९ साली संस्थाने विलीन झाल्यावर जुन्या साताऱ्याचे वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे तालुके आणि पटवर्धनी संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. या सगळ्या पट्ट्याचा स्थायीभाव म्हणजे गावातून माणसे बाहेर जाणे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि गावाला अपशिंगे मिलिटरी हे नाव पडले. माण, खटाव, आटपाडी, जतच्या दुष्काळी भागातला तरुण मुंबईच्या गिरणीत गेला. पाटण-जावळीच्या डोंगरातला मुंबईच्या बाजारात पाठीवर गोणी वाहायला गेला, आणि तिथे माथाडींची संघटना उभी करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. माथाडी कायदा १९६९ साली झाला त्याच्या मागे याच माणसांची पाठ होती. विटा-खानापूरकडची घरे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली.

अशा गावात सात धडधाकट तरुणांचा संघ वर्षभर एका जागी असणे ही चैनीची गोष्ट होती. अकरा जणांचा फुटबॉल, त्याला लागणारे मोठे गवती मैदान, बूट आणि चेंडू या पट्ट्यातल्या खेड्यांत खोलवर गेले नाहीत याचे कारण पैशाइतकेच माणसांत आहे. फुटबॉलचा संघ दोन-तीन गडी कमी असला तर कोलमडतो. कबड्डीला पुरुषांसाठी तेरा मीटर बाय दहा मीटर जागा पुरते, आखायला फक्की पुरते. आणि कमी गड्यांनी खेळणे हा तर या खेळाचा नित्याचा भाग आहे, सामन्याचा अर्धा वेळ तसाच जातो. तीन जणांनी अंगण कसे राखायचे, कोणी मागे सरायचे, कोणी चढाईवाल्याला कोपऱ्याकडे ओढायचे, हे इथला गडी लहानपणीच शिकतो. पश्चिम महाराष्ट्रात खेडोपाडी वजनी गटांच्या स्पर्धा भरतात त्याचाही याच्याशी संबंध आहे असे मला वाटते. पंचावन्न किलोच्या गटात शाळकरी पोरे आणि गावात राहिलेली बारकी माणसेही संघ उभा करू शकतात. जाडजूड गडी मुंबईला किंवा फौजेत गेले म्हणून गावाचा झेंडा गुंडाळून ठेवावा लागत नाही.

गेलेल्या माणसांनी खेळ बरोबर नेला. परळ-लालबागच्या गल्ल्यांत कबड्डी वाढली ती गिरणगावाच्या चाळींतून, आणि त्या चाळी घाटावरच्या नि कोकणातल्या माणसांनी भरलेल्या होत्या. पुढे रेल्वे, पोलीस, बँका, कंपन्या यांनी आपापले संघ बांधले आणि चांगल्या खेळाडूला नोकरी देऊन उचलले. खेळाडूच्या घरी पगार आला, यात वाईट काही नाही. पण गावच्या मंडळाचा हुकमी चढाईवाला त्याच दिवशी गेला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर हजारो माणसे गावी परतली. त्यांच्याबरोबर गिरणगावाचा खेळ थोडाबहुत गावाकडे आला असेल, पण शहरातल्या ज्या मंडळांना या माणसांनी जगवले होते ती मात्र पोकळ झाली. एकाचे भरणे म्हणजे दुसऱ्याचे रिते होणे, हे या दोन जिल्ह्यांनी मैदानात आणि मैदानाबाहेर सारखेच पाहिले आहे.

तिसरा आक्षेप खेळाच्या अभ्यासकांचा असतो, आणि त्यांच्याशी माझे निम्मेच मतभेद आहेत. ते म्हणतात, शिडी नसेल तर खेळ वाढत नाही. घसरण्याची भीती असते म्हणून तळाचा संघही मार्चमध्ये जीव तोडून खेळतो, आणि वर जाण्याची वाट असते म्हणून लहान गावाचा संघ स्वप्न पाहतो. कबड्डीतही मुंबईसारख्या ठिकाणी प्रथम श्रेणी, द्वितीय श्रेणी अशा पायऱ्या आहेतच. प्रो कबड्डीत पदावनती नाही ती आपल्या परंपरेमुळे नव्हे, तिथे संघ विकत घेतलेले आहेत म्हणून, आणि त्याचे श्रेय मातीला देणे चुकीचे ठरेल. हे सगळे खरे. पण शिडी तेव्हाच न्याय देते जेव्हा खाली गेलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा भरता येतो. हे गृहीत आपल्याकडे किती कच्चे आहे ते गोव्याने दाखवले. तिथल्या धेंपो या फुटबॉल क्लबने राष्ट्रीय पातळीवर पाच वेळा विजेतेपद मिळवले होते. २०१५ साली तो आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल लीगमधून खाली घसरला, पुढच्या मोसमात द्वितीय विभाग जिंकून नियमाप्रमाणे वर यायला पात्रही ठरला. पण २०१६ साली गोव्यातल्या साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लबांबरोबर त्यानेही आय-लीगमधून अंग काढून घेतले. शिडी उभी होती, चढणारा चढलाही होता, आणि तरी घर मोडले, कारण वरच्या पायरीवरच्या व्यवस्थेचाच भरवसा उरला नव्हता.

सातारा-सांगलीच्या मंडळांनी दुसरी वाट धरली. कराड, इस्लामपूर, सांगली इथल्या व्यायाम मंडळांचा वर्षाचा हिशेब गुणतक्त्यावर चालला नाही, तो निमंत्रित स्पर्धांवर, गावच्या यात्रेतल्या सामन्यांवर आणि जिल्ह्याच्या निवड चाचणीवर चालला. यंदा पहिल्या फेरीत हरलेला संघ पुढच्या यात्रेला पुन्हा बोलावला जातो, आणि त्याचे नाव कोणी खालच्या यादीत लिहीत नाही. यात ढिलाई आहे हे मी नाकारत नाही. मागे राहिलेल्या संघाला सुधारण्याची सक्ती नाही, आणि कित्येक मंडळे वर्षानुवर्षे त्याच चुका करत खेळतात. पण मंडळ जिवंत राहते आणि त्यातून एखाद्या पिढीत खरा खेळाडू निघतो. वाळव्यासारख्या उसाच्या, पाटपाण्याच्या तालुक्यात, जिथे कारखान्यामुळे आणि शेतीमुळे पोरे गावात टिकली, तिथून असे खेळाडू जास्त निघाले असतील तर मला नवल वाटणार नाही. सांगली जिल्ह्यातला नितीन मदने २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेतल्या भारतीय संघात होता. त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला भारत इराणच्या मागे होता. शेवटी निकाल लागला २७-२५, भारताच्या बाजूने. दोन गुणांचे अंतर, म्हणजे एका लोणाइतके.

नियमपुस्तकातले आणखी एक कलम या दोन जिल्ह्यांना जवळचे वाटावे असे आहे. सात जमले नाहीत तर संघाला पाच किंवा सहा गड्यांनिशी सामना सुरू करता येतो. ते पाच-सहा बाद झाले की लोण बसते, यात सवलत नाही. पण जे एक-दोघे सुरुवातीला हजर नव्हते, मुंबईची गाडी खंबाटकी घाटात अडकली किंवा फौजेतली रजा एक दिवस उशिरा मंजूर झाली म्हणून, ते सामना चालू असताना कधीही आले तरी पंचांना सांगून मैदानात उतरू शकतात. त्यांची जागा तोवर रिकामी ठेवलेली असते.