पत्र्यावरच्या मगरी

आमच्या आष्ट्यातल्या एका अभ्यासिकेत गेल्या महिन्यात भिंतीवर एक चित्र लागलं. मालक माझा जुना मित्र. त्याच्या पुण्यात नोकरीला असलेल्या पोरानं ऑनलाइन मागवून दिलेलं. कागद नाही, ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि त्यावर दीडशे वर्षांपूर्वीचं अमेरिकन व्यंगचित्र. नदीकाठ, घाबरलेली शाळकरी मुलं आणि पाण्यातून सरपटत वर येणारी मगरींची फौज. पोरगं म्हणालं होतं, "पप्पा, सेक्युलॅरिझमवरचं फेमस कार्टून आहे."

पहिले दोन दिवस चर्चा वेगळीच. "हे भिलवडीचं हाय काय ओ?" कृष्णेतल्या मगरी आपल्याकडं कोण विसरतंय! तिसऱ्या दिवशी एकानं मोबाइलवर चित्राचं नाव शोधलं. नाव निघालं 'अमेरिकेतली गंगा नदी'. मग काय विचारता. गंगेत मगरी दाखवल्या, म्हणजे आमची टिंगल, चित्र काढा, असं दोघं-तिघं म्हणाले. बाकीचे म्हणाले, धर्मनिरपेक्षतेचं चित्र आहे, अजिबात काढायचं नाही. मित्राचा मला फोन, "तू पत्रकारितेचा डिप्लोमा केलायस, तूच बघ बाबा. आणि खाली लावायला दोन ओळी लिहून दे."

दोन ओळींसाठी चार रात्री गेल्या. जे सापडलं ते इथं मांडतो. पोस्ट कुठल्या पार्टीची आहे हे ठरवायच्या आधी शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनंती.

चित्रकार थॉमस नास्ट. अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाला हत्ती चिकटवला तो यानंच, आणि आज आपण बघतो त्या ढेरपोट्या सांताक्लॉजचं रूपही बरंचसं याच्याच हातचं. हे चित्र 'हार्पर्स वीकली'च्या ३० सप्टेंबर १८७१ च्या अंकात आलं. तेव्हा चित्र लाकडी ठोकळ्यावर उलटं कोरून छापायचे. त्यामुळं पत्र्यावरच्या त्या बारीक रेघा म्हणजे मुळात कोरणीचे फटकारे आहेत.

आता मगरींकडं नीट बघा. त्या मगरी नाहीतच. ते कॅथलिक बिशप आहेत, सरपटणारे. त्यांच्या डोक्यावरची उंच टोपी म्हणजेच मगरीचा उघडा जबडा. कल्पना जबरदस्त, हे मान्यच करावं लागतं. मागं सरकारी शाळेची पडकी इमारत, तिच्यावर उलटा झेंडा. वर कड्यावर न्यूयॉर्कचा भ्रष्ट पुढारी ट्वीड आणि त्याची टोळी, मुलांना खाली मगरींच्या तोंडी देणारी. या ट्वीडनं सरकारी पैसा कॅथलिक शाळांकडं वळवला होता. लोकांच्या करातून धर्माच्या शाळा का चालवायच्या, हा नास्टचा सवाल. सवाल खराच होता.

पण चित्रात पुढं एक मोठा मुलगा लहानग्यांना पाठीशी घालून उभा आहे. त्याच्या कोटात एक पुस्तक खोचलंय. ते बायबल आहे!

इथं मी अडकलो. कारण तेव्हाच्या अमेरिकन सरकारी शाळा धर्माबाहेरच्या नव्हत्याच. तिथं बायबल वाचलं जायचं, तेही प्रोटेस्टंटांचं. गरीब आयरिश कॅथलिक मजुरांच्या मुलांना तेच म्हणावं लागे. १८५९ साली बोस्टनच्या एलियट शाळेत एका कॅथलिक मुलानं प्रोटेस्टंट पद्धतीच्या दहा आज्ञा म्हणायला नकार दिला, तर मास्तरानं त्याच्या हातावर छड्या ओढल्या. त्याआधी १८४४ मध्ये फिलाडेल्फियात शाळेतल्या बायबलच्या वादातून दंगल पेटली, चर्च जाळली गेली, माणसं मेली. म्हणजे आपला धर्म तो 'शाळा', आणि दुसऱ्याचा तो 'मगर'. आणि सगळ्यात गंमत म्हणजे हा नास्ट जन्मानं जर्मनीतला, त्याचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमधलाच!

गंगेचं म्हणाल, तर तक्रार करणाऱ्या पोरांचंही अगदीच चूक नव्हतं. हिंदू आया आपली लेकरं गंगेत मगरींना टाकतात, अशा गोष्टी मिशनरी तेव्हा अमेरिकेत छापून वाटायचे. नास्टनं तीच ऐकीव गोष्ट उचलली आणि कॅथलिकांच्या अंगावर फेकली. एका दगडात दोघांचा अपमान.

आपल्याकडं काय होतं? १८५४ च्या वुडच्या खलित्यात सरकारी शाळांतलं शिक्षण धर्मापासून अलग ठेवायचं, असं ठरलं. पण त्याच खलित्यात बायबल शाळा-कॉलेजांच्या ग्रंथालयात असतं, ज्याला हवं त्यानं वाचावं, असाही उल्लेख आहे. तिथं कोटात, इथं कपाटात.

याच्यावरचं खरं उत्तर मला वारणाकाठी सापडतं. भाऊराव पाटील हे जैन घरातले, त्यांचं घर आपल्या वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. कोल्हापुरात शिकताना बोर्डिंगच्या सोवळ्याओवळ्यावरून त्यांचा खटका उडाला. त्यांनी १९१० च्या सुमारास शेजारच्या दुधगावात सहकाऱ्यांसोबत सगळ्या जातीधर्मांच्या मुलांचं वसतिगृह काढलं. १९१९ ला काल्यात रयत शिक्षण संस्था, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह. तिथं सगळ्यांची पोरं एका पंक्तीत जेवायची. कुणाला मगर म्हणायची गरज पडली नाही. आमच्या आजोबांच्या पिढीतले कितीतरी जण अशाच पंक्तीतून वर आले.

पुढं १९५० ला घटनेच्या २८ व्या कलमानं पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण बंद केलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सरकारी शाळांतलं बायबल वाचन घटनाबाह्य ठरवलं ते १९६३ ला. या बाबतीत आपण तेरा वर्षं पुढं होतो. आज आपल्या शाळांच्या भिंतींवर, परिपाठात, स्नेहसंमेलनात काय काय चालतं ते तुम्हीही बघता, मीही बघतो.

मित्राला सांगितलं, चित्र काढू नको. त्यानं काढलं नाही, फक्त दाराजवळून हलवून पाण्याच्या कूलरवर लावलं. तिथं सगळेच दोन मिनिटं थांबतात. खाली माझी एकच ओळ आहे, दुसरी सुचली नाही:

'मगरी बघून झाल्या असतील, तर आता पोराच्या कोटात काय खोचलंय ते बघा.'