हे हत्यार कशाचे?

जव्हार-मोखाड्याकडील एखाद्या घराच्या माळ्यावर कुऱ्हाडीसारखे, पण पाते आडवे बसवलेले हत्यार सापडले, तर मोडकी कुदळ समजून ते भंगारात घालू नका. प्रथम धार पाहा. मातीत चालणारी कुदळ दगड लागून बोथट होते. लाकूड तासणाऱ्या वाकसाची धार राखलेली असते आणि तिचा उतार बहुधा दांड्याकडील बाजूस असतो.

मग हा वाकस सुताराचा की आणखी कोणाचा? हे लोखंड सांगत नाही, माणसांनाच विचारावे लागते. या डोंगरांत कातकरी राहतात. त्यांचे नावच कातावरून पडले. खैर तोडायचा, आतला लाल गाभा काढून त्याचे बारीक तुकडे करायचे, मडक्यांत उकळायचे, अर्क आटवून वड्या वाळवायच्या. लग्नाच्या जेवणानंतर आपल्या विड्याला रंग आणतो तो हा कात! इंग्रजी मुलखात 1878 च्या जंगल कायद्याने वृक्षतोडीवर बंधने आली व या धंद्याला उतरती कळा लागली. (जव्हार तेव्हा मुकण्यांचे संस्थान होते, ते 1948 साली विलीन झाले.) धंदा गेला की हत्याराचे नावही विसरले जाते.

म्हणून पालकहो, मुलांना पाड्यावरच्या वृद्धांकडे न्या. हत्यार घासून चकचकीत करू नका, झीज पुसली जाईल. कोरड्या फडक्याने धूळ काढा. हत्यार पुढे ठेवून आजोबांना ते हातात धरून दाखवायला सांगा, आणि त्यांच्या बोलीतले नाव, गाव व काम त्याच दिवशी वहीत लिहा.