साखरपुड्याची अंगठी : खड्याचे पैलू पारखताना

साखरपुड्याच्या अंगठीसाठी हिरा पाहण्यास गेलेले कुटुंब सराफाला पहिला प्रश्न विचारते तो वजनाचा. मग रंग, मग शुद्धता आणि अखेरीस किंमत. कटचा विचार बहुधा ‘गोल की चौकोनी’ एवढ्यावरच आटोपतो. वास्तविक रंग आणि शुद्धता नैसर्गिक हिरा जमिनीतूनच घेऊन येतो. पैलू मात्र माणसाच्या हातचे असतात. तो खडा बोटावर झळकणार की काचेसारखा निस्तेज दिसणार, हे मुख्यत्वे त्या हातावर अवलंबून असते.

आकार आणि कट या दोन भिन्न गोष्टी आहेत. वरून पाहताना दिसणारी बाह्यरेषा म्हणजे आकार. पैलूंची संख्या, त्यांचे कोन आणि परस्परांशी असलेले प्रमाण म्हणजे कट. एकाच वजनाचे, एकाच रंगाचे दोन गोल हिरे शेजारी ठेवले असता एक लखलखतो आणि दुसऱ्याच्या मध्यभागी काळोखी दिसते, ती या प्रमाणातील फरकामुळे.

हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे 2.42 आहे. माथ्यातून आत शिरलेला किरण तळच्या पैलूवर लंबाशी सुमारे 24.4 अंशांपेक्षा अधिक कोन करून आदळला, तर तो बाहेर न पडता पूर्णपणे परावर्तित होतो आणि पुन्हा माथ्यातून पाहणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत येतो. तळ फार उथळ किंवा फार खोल झाला की प्रकाश खालूनच निसटतो. मार्सेल टोल्कोव्स्की यांनी 1919 मध्ये हे गणित मांडले. माथ्याच्या उतरत्या पैलूंसाठी 34.5 अंश आणि तळच्या पैलूंसाठी 40.75 अंश हे त्यांनी काढलेले कोन आजही गोल ‘ब्रिलियंट’ कटच्या चर्चेत आधारभूत मानले जातात. या कटमध्ये 57 पैलू असतात. तळाच्या टोकाचा बारीक पैलू धरला तर 58.

मात्र हे कोन साधताना कच्च्या खड्याचे निम्म्याहून अधिक वजन बहुधा घासण्यात जाते. किंमत कॅरेटवर ठरत असल्याने वजन राखण्याचा मोह कारागिराला होतोच. मग तळ खोल ठेवला जातो किंवा कंबरेची कड जाड ठेवली जाते. हे वजन पावतीवर दिसते, बोटावर दिसत नाही. एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, आणि उत्तम पैलू पाडलेल्या एक कॅरेटच्या गोल हिऱ्याचा व्यास सुमारे 6.5 मिलिमीटर असतो. व्यास त्याहून बराच कमी भरत असेल, तर ग्राहक खड्याच्या पोटात दडलेल्या वजनाचे पैसे मोजत आहे असे समजावे. म्हणून कॅरेटबरोबर मिलिमीटरही विचारावेत.

वजन आणि तेज यांतील ही ओढाताण जुनीच आहे. गोव्यात 1563 मध्ये छापल्या गेलेल्या गार्सिया द ऑर्ता यांच्या ग्रंथात हिऱ्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. येथील लोक निसर्गतःच पैलू लाभलेल्या हिऱ्याला अधिक मोल देतात, तर पोर्तुगीज घासून घडवलेल्याला, अशी नोंद त्यात आढळते. पुढे 1852 मध्ये लंडनमध्ये कोहिनूरला नव्याने पैलू पाडले गेले, तेव्हा सुमारे 186 कॅरेटचा तो हिरा 105.6 कॅरेटवर आला.

गोल कटसाठी जीआयए ही प्रयोगशाळा 2006 पासून श्रेणी देते. इतर आकारांसाठी तितकी सर्वमान्य श्रेणी रूढ झालेली नाही. तेथे डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते. ओव्हल, पेअर आणि मार्कीझ हे लांबट आकार त्याच वजनात मोठे भासतात आणि बोट सडपातळ दाखवतात, पण त्यांच्या मध्यावर ‘बो’च्या आकाराची काळी छाया पडू शकते. खडा हलवून पाहिल्यास ती किती गडद आहे हे कळते. प्रिन्सेस कटमध्ये कच्चा खडा कमी वाया जातो, त्यामुळे तो तुलनेने स्वस्त पडतो. त्याचे चार टोकदार कोपरे मात्र नाजूक. हिरा सर्वांत कठीण असला तरी ठरावीक दिशांनी तो आघाताने दुभंगतो. कोपऱ्यांवर धातूची नखे असलेले कोंदण येथे आवश्यकच. एमराल्ड कटच्या लांब, पायऱ्यांसारख्या पैलूंतून खडा आरपार दिसतो; आतील डाग आणि पिवळी झाक त्यात लपत नाही. अशा वेळी शुद्धतेवर अधिक खर्च करणे रास्त.

दुकानातील प्रखर दिव्यांखाली जवळजवळ प्रत्येक हिरा चमकतो. तो दाराशी, दिवसाच्या साध्या उजेडात आणि स्वतःच्या सावलीत धरून पाहावा. त्याचबरोबर अंगठी घालणारा हात दिवसभर काय करतो हेही ध्यानात घ्यावे. रुग्णालयात वारंवार हातमोजे चढवणाऱ्या परिचारिकेला उंच कोंदणाची अंगठी अडचणीची ठरेल. तिच्यासाठी खड्याभोवती सलग धातूची कड असलेले ठेंगणे कोंदण बरे.

रंगीत रत्नांचा न्याय निराळा. माणिक, नीलम किंवा पाचू यांत कारागीर चमकेपेक्षा रंगाला प्राधान्य देतो, आणि त्यासाठी हिऱ्याचे कोन जसेच्या तसे लागू होत नाहीत. खडा छापील कागदावर ठेवल्यास मध्यातून अक्षरे स्वच्छ वाचता येत असतील, तर तळ उथळ असून रंग तेथून निसटतो आहे असे समजावे. माणिक व नीलम यांची कठिणता मोहस मापनावर 9 आहे, ती रोजच्या वापरास पुरेशी. पाचू 7.5 ते 8 च्या दरम्यान असतो, पण आतील सूक्ष्म भेगांमुळे ठिसूळ. कोपरे छाटलेला एमराल्ड कट त्याच्याच संरक्षणासाठी रूढ झाला. मोती फार मऊ, त्यामुळे रोजच्या अंगठीत त्याची झीज लवकर होते.

हिऱ्याला तेलाचे आकर्षण असते. नारळाच्या तेलाचा पातळ थर तळच्या पैलूंवर बसला की उत्तम कटही मंद दिसू लागतो. कोमट पाण्यात सौम्य साबण मिसळून मऊ ब्रशने कोंदणाच्या मागील बाजूने अंगठी धुवावी. पाचूच्या भेगा अनेकदा तेलानेच भरलेल्या असतात, म्हणून तो गरम पाण्यात किंवा सराफाकडील अल्ट्रासॉनिक यंत्रात घालू नये.