एक दार दोनशे वेळा

इमारतीच्या नकाशात दार कसे काढतात, ते आधी सांगतो. भिंतीच्या दोन समांतर रेषा असतात. त्यांतला दाराच्या रुंदीएवढा, समजा 900 मिलिमीटरचा भाग पुसायचा. तुटलेल्या भिंतीची तोंडे दोन्हीकडून बंद करायची. मग फळीची एक रेषा, आणि दार उघडताना ज्या वाटेने फिरते तो पाव वर्तुळाचा कंस. सहा-सात हालचाली झाल्या, आणि दार एकच झाले. चार-पाच मजल्यांच्या इमारतीत अशी दोनशे दारे सहज निघतात.

कविता लिहिणाऱ्या, कला शाखेची पदवी घेतलेल्या माणसाला ही माहिती कुठून, असे आपल्याला वाटेल. 1990 नंतरची काही वर्षे मी सांगलीत एका वास्तुविशारदाच्या कचेरीत टंकलेखक होतो. निविदा, अंदाजपत्रके टंकित करायची आणि उरलेल्या वेळात ड्राफ्ट्समन मंडळींच्या टेबलाशी जाऊन उभे राहायचे. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेषा चुकली तर ती ब्लेडने हलक्या हाताने खरवडत. हात जड पडला आणि कागद फाटला की दोन दिवसांचे काम गेले. अमोनिया प्रिंटचा वास शर्टाला चिकटून घरापर्यंत यायचा. त्या कचेरीत एक ट्रेसर होते. दुसऱ्याने पेन्सिलीने काढलेला नकाशा शाईत स्वच्छ उतरवणे, एवढेच त्यांचे काम. अक्षर असे, की नकाशावरचे ‘स्वयंपाकघर’ वाचत राहावे. संगणक आला तेव्हा पहिली गदा त्यांच्यावर आली. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्याच संगणकाचे कौतुक करणार आहे.

एकदा काढलेले पुन्हा काढावे लागू नये, हा विचार संगणकावरच्या रेखाटनाच्या जन्मापासूनचा आहे. 1963 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी स्केचपॅड नावाची प्रणाली तयार केली. टीएक्स-2 या अवाढव्य संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा ओढायच्या. एक मूळ आकृती करून तिच्या हव्या तेवढ्या प्रती मांडता येत आणि मूळ बदलले की साऱ्या प्रती आपोआप बदलत. दोनशे दारांचे उत्तर तेव्हाच सापडले होते म्हणा ना. पण अशी यंत्रे पुढची बरीच वर्षे मोठ्या कारखान्यांनाच परवडणारी होती.

1982 साली कॅलिफोर्नियात जॉन वॉकर आणि त्यांच्या प्रोग्रॅमर मित्रांनी ऑटोडेस्क ही कंपनी काढली. माईक रिडल यांच्या आधीच्या एका प्रोग्रॅमवरून ऑटोकॅड घडले. टेबलावर मावणाऱ्या संगणकावर ते चाले आणि किंमत होती हजार डॉलरच्या आसपास. स्वस्ताईचे महत्त्व आहेच, पण मला दुसरी गोष्ट मोठी वाटते. या मंडळींनी आपला माल कुलूपबंद ठेवला नाही. त्याचा मेनू साध्या मजकुराच्या फायलीत असे. वापरणाऱ्याने ती उघडावी, आपल्या कामाप्रमाणे बदलावी.

मग जानेवारी 1986 मध्ये आवृत्ती 2.18 बरोबर त्यात एक आख्खी भाषाच आली. तिचे नाव पुढे ऑटोलिस्प झाले. मूळ लिस्प भाषा जॉन मॅकार्थी यांची, 1958 सालची, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनासाठी रचलेली. डेव्हिड बेट्झ यांनी तिचे एक्सलिस्प हे लहान रूप करून लोकांसाठी खुले ठेवले होते, ते ऑटोडेस्कने उचलले. यंत्राला विचार करायला शिकवण्यासाठी निघालेली भाषा अशा रीतीने सांगलीत न्हाणीघरांची दारे काढू लागली!

या भाषेत सगळे कंसात लिहावे लागते. कंसात कंस, त्याच्या पोटात आणखी कंस. एखादा मिटायचा राहिला, की किती मिटायचे बाकी आहेत तो आकडा पडद्यावर दाखवून यंत्र स्वस्थ बसते. (आपल्या मराठीत वर्तुळाच्या तुकड्यालाही कंसच म्हणतात, ही गंमत त्या अमेरिकनांना कुठून कळणार?)

आमच्या कचेरीतले एक ड्राफ्ट्समन आयटीआय झालेले, इंग्रजी बेताचे. झेरॉक्स केलेल्या पानांवरून त्यांनी ही भाषा रात्री जागून आत्मसात केली. दारासाठी त्यांनी पंचवीस-तीस ओळी लिहिल्या आणि त्याला दोन अक्षरांची आज्ञा दिली. ती दोन अक्षरे टाइप केली की यंत्र विचारी: रुंदी किती, बिजागरी कुठल्या बाजूला, दार आत उघडणार की बाहेर? तीन उत्तरे मिळाली की भिंत तुटे, तोंडे मिटत, फळी आणि कंस जागेवर बसत. मी चकित होऊन विचारले, हे सुचते कसे? ते म्हणाले, “कविराज, दर वेळी तेच राहतं ते कुठलं आणि बदलतं ते कुठलं, एवढं वेगळं करायचं. तेच राहतं ते लिहून टाकायचं, बदलतं ते विचारायचं.”

मी म्हणालो, “ही तर गझल झाली. रदीफ तोच, काफिया बदलता.”

“तुमच्या गझलेत दार बसत असेल तर मला द्या,” ते म्हणाले आणि पुढच्या नकाशाकडे वळले.

पुढचा नकाशा होताच. तीन दिवसांचे काम एका दिवसात होऊ लागले, तेव्हा वाचलेले दोन दिवस त्यांना मिळाले नाहीत. आणखी दोन नकाशे मिळाले. पगार होता तोच. ट्रेसर महाशयांनी नोकरी सुटल्यावर दुकानांच्या पाट्या रंगवायला घेतल्या. त्यात त्यांचा जम बसतो न बसतो तोच फ्लेक्स आले.

त्या दाराच्या ओळी मात्र फ्लॉपीवरून मिरजेला गेल्या, कोल्हापूरला गेल्या. कोणी त्यांत खिडकी घातली, कोणी जिना. जिन्याला पायऱ्यांची उंची आणि संख्या यांचे गणित लागते, म्हणून त्या ओळी लिहिणाऱ्याचा मान मोठा. पैसे कोणी मागितल्याचे मी ऐकले नाही.

पुढे हे प्रकरण कचेरीच्या उंबऱ्याबाहेर गेले. पुण्यात तयार झालेली ऑटोडीसीआर ही प्रणाली नकाशातल्या रेषाच वाचते आणि चटईक्षेत्र, सोडलेली मोकळी जागा नियमांत बसते का ते तपासते. पुणे महापालिकेने ती वापरली. त्यासाठी प्रत्येक रेषा तिच्या ठरलेल्या लेअरवर हवी. नुसती सुबक असून भागत नाही.

लहान कचेऱ्यांची एक अडचण फार काळ राहिली. 1993 साली ऑटोकॅडची एलटी ही स्वस्त आवृत्ती निघाली, तीत लिस्प नव्हते. म्हणजे ज्याच्याकडे माणसे कमी, पैसे कमी आणि काम तेच, त्यालाच ही सोय नाही. ती एलटीत आली 2023 साली, तीस वर्षांनी. वॉकर फेब्रुवारी 2024 मध्ये वारले.

या फायली साध्या मजकुराच्या असल्याने तीस वर्षांपूर्वीच्या कित्येक आजही चालतात. त्यांत अर्धविरामाने सुरू होणारी ओळ यंत्र सोडून देते. ती वाचणाऱ्या माणसासाठी असते: हे काय करते, कसे वापरावे. लिहिणाराने नाव घातले असेल तर तेही तिथेच सापडते. सांगलीच्या त्या दाराच्या फायलीत फक्त ‘रुंदी मिमीमध्ये द्या’ एवढेच होते, तेही रोमन लिपीत.